खातं दुसरीकडे उघडं आहे

१

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझी जागा ठरलेली होती. दुसरा मजला, खिडकीची रांग, शेवटचं टेबल. सकाळी आत्या घरी आली की बाबांना तिच्या हवाली करायचं आणि ग्रंथालयाचं दार उघडताना तिथे हजर व्हायचं. पिशवी लॉकरमध्ये, स्वेटर अंगात, कारण तिथला एसी माणसांसाठी नसून पुस्तकांसाठी लावलेला असतो. मग कॉम्प्युटर सुरू करून आपल्या खात्यात शिरायचं आणि शोधायला बसायचं.

हे शोधणं बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. चार शब्द टाकले की हजारो निबंध अंगावर येतात. मग हवे ते शब्द अवतरणचिन्हांत बांधायचे, नको ते वगळायचे, जुनी वर्षं छाटायची, आणि एका डेटाबेसमध्ये जे मिळत नाही ते दुसऱ्यात वेगळ्या नावानं हुडकायचं. कामाचा एक निबंध हाती लागला की त्याच्या शेवटचे संदर्भ धरून मागे मागे जायचं. मला हे आवडायचं. बरीच वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढून चाळिशीत पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता हे काय नवीन. मी म्हटलं, नवीन आहे म्हणूनच.

माझा विषय होता, पक्षाघातानंतर वाचा जाऊन ज्यांच्याकडे एखादाच शब्द उरतो अशी माणसं. तहान, राग, होकार, नकार, सगळं त्या एका शब्दातून बाहेर पडतं. पुस्तकं म्हणतात, तो शब्द निरर्थक असतो. माझं म्हणणं, घरची माणसं त्याचे सूर ओळखायला शिकतात, म्हणजे ते बोलणंच आहे.

माझे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. त्यांच्याकडे उरलेला शब्द होता 'शिडी'. हे मी प्रबंधात कुठेही लिहिलं नव्हतं, माझ्या गाईडनाही सांगितलं नव्हतं. घरचं दुखणं संशोधनात आणलं की लोक पुरावा बघत नाहीत, तुमचा चेहरा बघतात.

त्या सकाळी मी पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवर ओळ आली: 'तुमचं खातं दुसरीकडे उघडं आहे. तिथलं काम चालू आहे.'

२

"काल बंद करायला विसरला असाल, ताई," ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या. त्या माझ्यापेक्षा वयानं थोड्या लहान, बोलायला मोकळ्या.

मी विसरले नव्हते. सलाईनचा थेंब बघितल्याशिवाय पलंगापासून न हलणारी बाई मी. पण वाद घातला नाही. स्क्रीनवर खाली विचारलं होतं, तिथलं काम थांबवून इथे सुरू करायचं का? मी 'हो' दाबलं. दोन निबंध चाळले असतील, तेवढ्यात स्क्रीन पांढरी झाली आणि मी बाहेर फेकली गेले. खातं परत दुसरीकडे उघडलं होतं. मी पुन्हा आत शिरले. तिनं पुन्हा बाहेर काढलं. तेव्हा मी 'तिनं' असा विचार केला नव्हता, पण भांडण दोघांचं आहे एवढं कळत होतं.

खात्यात 'आधीचे शोध' असा एक कोपरा असतो. आपण कधी काय शोधलं त्याची नोंद तिथे राहते. तो उघडला तर त्यात मी न केलेले शोध होते. आणि उत्तम शोध होते. मी महिनाभर जिथे डोकं आपटत होते तिथून ते शिताफीनं वळले होते. शब्द माझेच, अवतरणचिन्हं लावायची पद्धत माझी, एक स्पेलिंग मी नेहमी चुकते तेसुद्धा तसंच चुकलेलं. फक्त हे सगळं माझ्या एक पाऊल पुढे होतं.

डोक्यात पहिली शंका आली ती पासवर्ड चोरीला गेल्याची. तो बदलला. फरक पडला नाही. दुसरी शंका स्वतःचीच. रात्रीची जागरणं, बाबांचं सगळं, त्यात हा अभ्यास. मीच करत असेन आणि विसरत असेन. ही शंका मला मान्य नव्हती, तरी तपासून बघितली. एका दुपारी माझ्या गाईड सरांच्या केबिनमध्ये त्यांच्यासमोर बसून होते आणि नोंदीप्रमाणे खातं त्याच वेळी चालू होतं. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

मॅडमनी त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "कुठे बाहेरून नाही, इथूनच आहे. तळघरातलं मशीन."

३

तळघरात जुनी नियतकालिकं असतात, वर्षावार बांधून ठेवलेली. कपाटं रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटून उभी. बाजूचं चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस जाईल एवढी वाट उघडते, दुसरीकडची बंद होते. हल्ली सगळं स्क्रीनवर मिळतं, त्यामुळे तिथे फारसं कोणी जात नाही. मी आणि मॅडम जिना उतरत होतो तेव्हा खालून टायपिंग ऐकू आलं. मी दोन बोटांनी टाइप करते आणि प्रत्येक शब्दानंतर अंगठा जोरात आपटते. मॅडम मला त्यावरून चिडवायच्या. आता त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

दार ढकललं. कोणी नव्हतं. भिंतीशी टेबल, त्यावर जुना कॉम्प्युटर, स्क्रीन काळी. खुर्ची मात्र अगदी खाली केलेली. मी बुटकी आहे, कुठेही बसले तरी आधी खुर्ची खाली करते.

"पोरं खेळत असतील खुर्चीशी," मॅडम म्हणाल्या.

"असतील," मी म्हटलं. मी खुर्ची वर केली, पुरती वर, आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी 'आधीचे शोध' उघडले. सगळ्यात वर एकच शब्द होता.

शिडी.

खाली: 'शिडी', संध्याकाळ. त्याखाली: 'शिडी', खिडकीकडे बघून. त्याखाली: 'शिडी', मुलगी खोलीतून जाताना.

मी ते वाचलं, स्वेटरची बटणं लावली आणि सरळ घरी गेले.

४

आत्या बाबांची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. दारातच म्हणाली, "परत आलीस? आता काय विसरलीस?"

"परत म्हणजे?"

"अगं आत्ता येऊन गेलीस ना. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तू दादाशी बोलत होतीस. मी म्हटलं बोलू दे, मध्ये कशाला जा."

"तू मला बघितलंस?"

"बघायचं काय त्यात, आवाज ओळखत नाही का मी तुझा? तू विचारत होतीस आणि तो सांगत होता. एवढं सलग 'शिडी शिडी' मी कधी ऐकलं नाही बाई. छान वाटलं. मग तू हसलीस."

"काय विचारत होते मी?"

आत्यानं हातातला ओला टॉवेल उगीच झटकला. "तेच आठवत नाहीये. शब्द कानात आले, पण कळले नाहीत. तू अशी काय बघतेस?"

बाबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. चेहऱ्यावर तरतरी होती, जशी पूर्वी एखादी मोठी पाटी पुरी करून खाली उतरल्यावर असायची. मी समोर बसले, त्यांचा चांगला हात हातात घेतला. "बाबा, कोण आलं होतं?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत होते. कोणाची तरी वाट बघावी तसे.

"शिडी," ते म्हणाले. तो सूर माझ्यासाठी नव्हता.

मला भीती वाटायला हवी होती, त्याऐवजी राग आला. इतका की मी बाबांचा हात घट्ट आवळला आणि त्यांनी तो सोडवून घेतला. त्यांना मी भरवते, त्यांची कूस मी बदलते, त्यांच्या एका शब्दामागे मी वर्षं घालवली, आणि त्यांना समजून घेणारी दुसरीच कोणी भेटली होती. मी उठून सगळ्या खोल्या बघितल्या. कपाटं उघडली, पडद्यामागे बघितलं, न्हाणीघरात बघितलं. आत्या माझ्या मागे मागे फिरत होती.

५

सरांचा फोन आला. सर कधी कुणाचं कौतुक न करणारे. "बाई, कमाल केलीत. चौथं प्रकरण एका बैठकीत वाचलं."

मी चौथं प्रकरण पाठवलं नव्हतं. ते लिहूनच झालं नव्हतं.

त्यांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर प्रिंट पडली होती, समासात त्यांच्या हिरव्या शाईतल्या खुणा. मी लांबच उभी राहिले.

"म्हातारा पेंटर," ते म्हणाले, "त्याचा एक शब्द, आणि तुम्ही त्याचा एकेक सूर उलगडलाय. हे आजवर कुणी केलेलं नाही. फक्त तोच शब्द का उरला, ते शेवटच्या भागात देईन असं लिहून सोडलंय. तो भाग कधी देताय?"

"सर, हे मी लिहिलेलं नाही."

"तुमच्या खात्यावरून आलंय."

"म्हणूनच सांगते. मागे घ्या."

ते हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "तुमच्या नोंदणीची मुदत संपत आली आहे. समिती बसतेय. हे प्रकरण समितीपुढे गेलं तर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. नाही गेलं, तर सगळं केलेलं पाण्यात. कळतंय ना?"

"कळतंय. संपू दे मुदत."

"वाचून तरी बघा," सर म्हणाले आणि प्रिंट माझ्याकडे सरकवली.

मी वाचली नाही. वाचावीशी वाटली नाही असं मात्र नाही. बाबांच्या मनात काय आहे हे कोणीतरी सरळ भाषेत लिहून ठेवलेलं होतं आणि ते हातभर अंतरावर होतं. मी प्रिंट उचलली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "माझ्या नावानं हे पुढे गेलं तर मी समितीसमोर उभी राहून सांगेन की हे माझं नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. "तुम्ही दमला आहात," ते म्हणाले.

"दमले आहेच. पण मागे घ्या."

६

तळघरात मी भर दुपारी गेले, ग्रंथालय गच्च भरलेलं असताना. मॅडमना बरोबर घेतलं. जिन्याच्या डोक्यावर त्या थांबल्या. "मी इथून हलत नाही. तुम्ही मोठ्यानं बोलत राहा म्हणजे मला कळेल."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या द्या."

मी मोठमोठ्यानं बोलत उतरले. एसीला नावं ठेवली, लिफ्टला ठेवली, सरांच्या हिरव्या शाईला ठेवली. खाली टायपिंग चालू होतं. मी दार उघडलं आणि ते थांबलं.

खुर्ची परत खाली केलेली होती. या वेळी स्क्रीन उजळलेली होती. शोधाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'शिडी म्हणजे', आणि पुढे ती बारीक उभी रेघ उघडझाप करत होती. आपण अर्धवट लिहिलं की मशीन पुढचे शब्द सुचवतं, तशी खाली सूचनांची रांग उतरायला लागली. मी काही दाबलं नव्हतं.

शिडी म्हणजे पाट्या.

शिडी म्हणजे पडायची भीती.

शिडी म्हणजे खाली धरून उभं राहिलेलं कोणी.

शिडी म्हणजे तुझी आई त्या दिवशी

आई गेली तेव्हा मी लहान होते. बाबा तिच्याबद्दल कधीच बोलले नाहीत. वाचा होती तेव्हाही नाही. ती ओळ अजून लांबत होती, एकेक अक्षर पुढे येत होतं, आणि माझे डोळे तिच्याबरोबर सरकत होते. माझं बोलणं थांबलं होतं हे मला नंतर कळलं.

मी स्वेटर काढला आणि स्क्रीनवर टाकला.

लोकर जाड होती, तरी आतून उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात काहीतरी बारीक बारीक हलत होतं. मी टेबलाखाली वाकून वायर शोधली. तेवढ्यात पाठीमागे चाक करकरलं. सरकत्या कपाटाचं चाक. कपाटं एकामागून एक सरकायला लागली, एकमेकांवर आदळत, टेबलाच्या दिशेनं. मी वायर हातात धरूनच उठले, पाठ शेवटच्या कपाटाला लावली आणि पाय भिंतीला. वॉर्डात माझ्या दुप्पट वजनाची माणसं मी एकटीनं उचललेली आहेत. "सरक," मी म्हटलं. "सरक मागे." कपाट थांबलं. मग हळूहळू मागे जायला लागलं. मी आणखी रेटलं.

त्या रेट्यानं पलीकडे एक वाट उघडली. मी वळून बघितलं तर वाटेत बाई उभी होती. माझ्याकडे पाठ. अंगात माझा स्वेटर होता, जो मी आत्ता स्क्रीनवर टाकला होता. पुढे काही नव्हतं, नुसतं कपाटाचं फळकूट, आणि ती त्या फळकुटावर दोन बोटांनी टाइप करत होती, प्रत्येक शब्दानंतर अंगठा आपटत. तिच्या मानेवर, केसांच्या मुळाशी, पांढऱ्या केसांचा एक पट्टा होता. माझ्या मानेवर असा पट्टा आहे हे मला माहीत नव्हतं. आपली मान कोण बघतं.

तिचा हात थांबला. ती वळायला लागली.

माझी बुद्धी म्हणत होती, पळ. मी तिचं ऐकलं नाही. आजवर सगळ्यांनी मला वाट सोडायला सांगितलं होतं, आता माझी बुद्धीही तेच सांगत होती.

"वळ," मी म्हटलं. "बघू दे."

ती वळायची थांबली. गाल अर्धा दिसला न दिसला, तिथेच राहिला.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हटलं. "त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. नाही सांगितलं तर नाही. तुझ्याकडून मला काही नको."

मग माझ्याच आवाजात, पण जिभेला शब्दांची सवय नसल्यासारखं, ती म्हणाली, "त्यांना सांगता येत नाही."

"येईल तेवढं सांगतील."

मी वायर ओढली. उजेड लगेच गेला नाही. स्वेटराखाली तो थोडा वेळ तसाच राहिला, मग विझला. वाटेत कोणी नव्हतं. मी स्वेटर उचलला, अंगात घातला, आणि जिना चढले. पळत नाही, चालत.

मॅडम कठडा धरून उभ्या होत्या. "तुमचा आवाज येत होता," त्या म्हणाल्या. "पण ताई, तो दोन बाजूंनी येत होता."

"त्यातला एकच माझा होता," मी म्हटलं. "माझं खातं बंद करून टाका."

७

त्यांनी खातं कायमचं बंद केलं. त्यानंतर मला लागणारे निबंध मॅडम स्वतः काढून द्यायच्या आणि मी कागदावर वाचायचे. कामाला वेळ लागला. मुदत गेली. मी समितीसमोर जाऊन वाढीव वर्ष मागितलं. सर शेजारी बसले होते, छताकडे बघत. त्यांनी ती प्रिंट मागे घेतली होती, एवढं मी त्यांना मानते. समितीतल्या एकांनी विचारलं, तयार प्रकरण होतं असं ऐकतो, ते का नको? मी म्हटलं, "त्यात उत्तरं आहेत आणि ती कुठून आली ते मला सांगता येणार नाही. माझ्या प्रकरणात उत्तरं कमी असतील, पण प्रत्येक कुठून आलं ते दाखवीन." वर्ष मिळालं. कुरकुरत का होईना, मिळालं.

आता मी बाबांबद्दल लिहिते. उघडपणे, माझे वडील म्हणून. रोज संध्याकाळी आत्या गेल्यावर त्यांच्यासमोर बसते आणि विचारते. चहा हवा? शिडी. म्हणजे नको? शिडी. पाय दुखतोय? ते मान हलवतात. मी चुकते, ते चिडतात, मी पुन्हा विचारते. एकदा आईबद्दल विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या शब्दाचे जे सूर मला कळतात ते लिहून ठेवते. बाकीच्या सुरांपुढे लिहिते, माहीत नाही.

सुरुवातीला ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायचे. मी उठून दार लावत नसे. बघू दे, म्हणायचे. मी तिथेच बसून राहायचे, त्यांच्या नजरेच्या मध्ये.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांची खीर ढवळत होते. घरात आम्ही दोघंच. त्यांच्या खोलीतून आवाज आला. माझा आवाज. हळू, लाघवी, काहीतरी विचारत असलेला. शब्द कानात येत होते, पण कळत नव्हते. मी गॅस बंद केला. चमचा हातात तसाच होता. मी लगेच खोलीत गेले नाही, हे खरं आहे.

तो आवाज थांबला. बाबांच्या उत्तरासाठी थांबला असावा.

बाबा काही बोलले नाहीत.

त्यानं पुन्हा विचारलं. आणखी लाघवीपणे, आणखी जवळून.

"शिडी," बाबा म्हणाले.

हा सूर मी आजवर ऐकला नव्हता. माझ्या कागदांवर तो नाही. पण त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती. रस्त्यावरून जाणारा कोणी अनोळखी माणूससुद्धा तो ऐकून दारातून मागे फिरला असता. बाबांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, मोठ्यानं, आणि खाटेच्या लोखंडी कडेवर त्यांच्या चांगल्या हाताची मूठ आपटली.

मी खोलीत गेले तेव्हा ते एकटेच होते. धापा टाकत होते, मूठ अजून आवळलेली होती. माझी नेहमीची खुर्ची खाटेला अगदी खेटून ओढलेली होती. मी तिथे ठेवली नव्हती. तिची बैठक गरम होती. मी हात लावून बघितलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग हातातल्या चमच्याकडे, मग परत चेहऱ्याकडे. नीट, वेळ घेऊन, पाटीवरची अक्षरं सरळ आलीत का ते बघायचे तसं. मी त्यांना ठरवू दिलं.

मग त्यांची मूठ सुटली आणि त्यांनी हात पुढे केला.

मी त्या गरम खुर्चीवर बसले आणि तो हातात घेतला.